जॉर्जटाउनच्या चरातला पट्टेरी पाणसाप: विषारी आहे का, आणि त्याचं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा. नोकरीनिमित्त गयानातल्या जॉर्जटाउन शहरात राहायला आलेलं एक मराठी कुटुंब. घरामागे पाण्याचा चर. पावसाळा लागल्यापासून रात्री त्या चरात तपकिरी अंगाचा, काळपट पट्ट्यांचा, हातभर लांबीचा साप दिसतो. शेजारी सांगतात की हा पाण्यात राहणारा लबारिया आहे, चावला तर माणूस वाचत नाही. घरात दोन लहान मुलं. साप विषारी आहे का, तो मारावा का, कोणाला बोलावून दूर सोडून द्यावा का, आणि पुढच्या खेपेला भारतातून सर्पदंशाची लस आणून ठेवावी का, हे त्यांचे प्रश्न. सोबत बॅटरीच्या उजेडात काढलेले दोन फोटो.

आधी निकाल सांगतो, मग कारणं. फोटोतला साप लबारिया नाही. तो हेलिकॉप्स अँग्युलाटस आहे, दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात सगळीकडे आढळणारा पट्टेरी पाणसाप. माणसाला त्याच्यापासून जिवाचा धोका नाही. मारू नका, हलवू नका, आणि भारतातली लस तर मुळीच आणू नका. हा शेवटचा मुद्दा बाकीच्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहितो.

मी कोकणात साप पकडून सोडण्याच्या कामापासून सुरुवात केली आणि नंतर बरीच वर्षं गयाना आणि सुरीनामच्या किनारपट्टीवर गोड्या पाण्यातल्या सापांच्या सर्वेक्षणात होतो. या जातीवर माझा विशेष जीव आहे. चुकीच्या ओळखीपायी इतका मार खाणारा दुसरा पाणसाप मी त्या भागात पाहिलेला नाही.

ओळख कशी पटली ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हालाही जमेल. पहिल्या फोटोत साप पाण्यात स्थिर आहे आणि फक्त डोक्याचा वरचा भाग बाहेर आहे. त्याचे डोळे बघा. लहान आहेत आणि बाजूला नसून जवळजवळ डोक्याच्या माथ्यावर बसवल्यासारखे आहेत. नाकपुड्याही तशाच, वरच्या अंगाला. सगळं शरीर पाण्याखाली ठेवून श्वास घ्यायचा आणि वर काय चाललंय ते बघायचं, अशी ही रचना आहे. जमिनीवर राहणाऱ्या सापाचे डोळे असे नसतात. दुसऱ्या फोटोत पाठ दिसते. गडद पट्टे पाठीच्या मधोमध रुंद आहेत आणि कुशीकडे उतरताना निमुळते होत गेले आहेत. पोट फोटोत दिसत नाही, पण दिसलं असतं तर पिवळसर किंवा तांबूस रंगावर काळे आडवे पट्टे आढळले असते. खवले खडबडीत आहेत, प्रत्येकावर मधोमध एक बारीक धार. त्यामुळे ओला असूनही हा साप गुळगुळीत चमकत नाही, मातकट दिसतो. चिखलाच्या तळाशी पडून राहिला तर पायाशी असला तरी कळत नाही.

आता लबारिया. गयानात हे नाव बोथ्रॉप्स अॅट्रॉक्सला आहे, आणि शेजाऱ्यांची भीती त्या सापाबद्दल अगदी रास्त आहे. अॅमेझॉनच्या खोऱ्यात होणाऱ्या सर्पदंशांपैकी बहुतेक त्याच एका जातीचे असतात. त्याच्या विषाने दंशाची जागा भराभर सुजते, रक्त गोठायची क्रिया बिघडते, मांस सडू शकतं, मूत्रपिंडावर ताण येतो. त्याचं डोकं भाल्याच्या पात्यासारखं, मानेपासून स्पष्ट वेगळं. डोक्यावर बारीक बारीक खवले, तर पाणसापाच्या डोक्यावर मोठ्या सपाट ढाली. लबारियाच्या डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खोल खाच असते. भक्ष्याच्या अंगाची उष्णता टिपणारं ते इंद्रिय. पाणसापाला ती खाच नाही.

डोळ्यांच्या बाहुलीवरून साप ओळखायचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो: उभी बाहुली विषारी, गोल बाहुली बिनविषारी. त्या सल्ल्यावर भरवसा ठेवू नका. रात्री अंधारात बाहुल्या पसरतात आणि उभी बाहुलीही गोल दिसते. शिवाय प्रवाळसाप, म्हणजे मायक्रुरस, जहाल विषारी असूनही त्याची बाहुली गोल असते. आपल्याकडे नागाची बाहुलीही गोलच.

लबारियाही पोहतो. जमिनीवरचा साप असला तरी पाण्याकाठी बेडकांच्या मागे तो येतो, पुरात वाहूनही येतो. म्हणून मी सांगितलेल्या खुणा लांबून, फोटोवरून पडताळायच्या आहेत, वाकून नव्हे. जमिनीवर, लाकडांच्या ढिगात किंवा गवतात पट्टेरी साप दिसला आणि ओळख पटली नाही, तर तो लबारिया आहे असं समजूनच वागायचं.

शेजारी फसतात, यात त्यांचा दोष कमी आणि सापाची करामत जास्त. या पाणसापाला कोपऱ्यात घेतलं की तो अंग चपटं करतो, जबड्याची मागची बाजू फाकवून डोकं त्रिकोणी करतो, आखडून वेटोळं घालतो आणि तोंड उघडून धडाधड झेपावतो. काही क्षण तो हुबेहूब लबारियासारखा दिसतो. पकडला तर शेपटीकडच्या ग्रंथीतून असा काही दुर्गंधी स्राव अंगावर सोडतो की दोन वेळा साबण लावूनही हाताचा वास जात नाही. पक्ष्याला किंवा मुंगसासारख्या शिकाऱ्याला हे सोंग क्षणभर थबकायला लावत असेल, तर सापाला निसटायला तेवढा क्षण पुरतो. काठी घेतलेल्या माणसापुढे मात्र तेच सोंग त्याच्या जिवावर उठतं. ब्राझीलमध्ये याला सुरुकुकुराना म्हणतात आणि त्रिनिदादमध्ये पाण्यातला मापेपीरे. दोन्ही नावं विषारी सापांवरून पडलेली आहेत, तेव्हा हा गैरसमज फक्त तुमच्या गल्लीतला नाही.

आता ‘बिनविषारी’ या शब्दाबद्दल. तो मी वर या सापासाठी वापरला नाही, ‘जिवाचा धोका नाही’ असं म्हटलं, आणि ते जाणूनबुजून. या जातीला नागासारखे किंवा घोणसासारखे पोकळ विषदात नाहीत. पण वरच्या जबड्यात मागच्या बाजूला दुव्हर्नॉय ग्रंथी आहे आणि तिचा स्राव नुसती थुंकी नाही. 2011 मध्ये संशोधकांनी या स्रावातून एक प्रथिन वेगळं केलं आणि सापाच्या नावावरून त्याला हेलिकॉप्सिन असं नाव दिलं. प्रयोगशाळेत ते उंदरांना टोचलं तेव्हा श्वसनाचे स्नायू लुळे पडून ते काही मिनिटांत मेले. हे वाचून घाबरू नका, पण समजून घ्या. शुद्ध केलेलं प्रथिन सुईने छोट्या उंदराच्या शरीरात सोडणं आणि हातभर सापाने माणसाच्या बोटाला चावणं यात फार मोठं अंतर आहे. स्राव आत जायला सापाला जबडा चघळत चघळत मागचे दात रुतवावे लागतात. माणूस तेवढा वेळ देत नाही, झटकन हात मागे घेतो. प्रत्यक्षात दिसतं ते असं: दातांच्या बारीक ओळी, थोडं रक्त, चुणचुण, कधी तासाभराची सूज. निसरडा मासा किंवा बेडूक तोंडातून सुटू नये म्हणून तो स्राव आहे. आपण त्याच्या खाद्यात मोडत नाही.

तरीही मी नव्या मुलांना शिकवताना एक नियम घालून देतो: मागे ग्रंथी असलेल्या कुठल्याही सापाला हात चघळू द्यायचा नाही, तो कितीही सौम्य असो. शिकागोच्या फील्ड म्युझियममधले कार्ल श्मिट हे त्यांच्या काळातले नामांकित सर्पतज्ज्ञ. 1957 मध्ये आफ्रिकेतल्या बूमस्लँग या मागे विषदात असलेल्या सापाचं एक पिल्लू त्यांना चावलं. त्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रक्तस्रावाने ते गेले. बूमस्लँगचं विष फार वेगळं आणि जहाल आहे, त्याची तुलना तुमच्या पाणसापाशी करायची नाही. ‘निरुपद्रवी’ हे माणसाने स्वतःच्या सोयीने लावलेलं लेबल आहे एवढं त्यातून लक्षात राहावं. बेडकाला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

चावलाच तर काय करायचं? जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवायची, रक्त आपोआप थांबू द्यायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन बराच काळ झाला असेल तर ते घ्यायचं. चराचं पाणी घाण असतं, त्यामुळे जंतुसंसर्गाची काळजी विषापेक्षा जास्त. आवळपट्टी बांधायची नाही, चीर द्यायची नाही, तोंडाने चोखायचं नाही. आणि साप नक्की कोणता ते कळलं नसेल, किंवा सूज वर चढत असेल, हिरड्यांतून वा जखमेतून रक्त थांबत नसेल, तर घरी थांबून बघत बसायचं नाही. चावलेला हात किंवा पाय न हलवता थेट मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. फोटो असला तर बरं, नसला तरी डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात.

आणि आता लस. हे मनापासून सांगतो, कारण हा सल्ला चुकला तर माणूस दगावू शकतो. हाफकिनसारख्या संस्थांमध्ये आपल्याकडे तयार होणारी लस, म्हणजे प्रतिविष, ही नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेली असते. बोथ्रॉप्सच्या विषावर ती चालत नाही. प्रतिविष त्या त्या विषापुरतंच असतं, ही गोष्ट ब्राझीलच्या व्हितल ब्राझील या डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिली. त्या काळी युरोपात नागाच्या विषावर बनवलेलं प्रतिविष सगळ्या सापांवर चालेल अशी समजूत होती. व्हितल ब्राझीलने स्थानिक सापांच्या विषावर ते तपासलं आणि ती समजूत मोडली. साओ पाउलोमधली बुतांतान संस्था त्यांच्याच कामातून 1901 मध्ये उभी राहिली आणि आजही बोथ्रॉप्सवरचं प्रतिविष तिथे बनतं. कोस्टा रिकातली क्लोडोमिरो पिकादो संस्थाही ते बनवते. तुम्ही करायचं ते एवढंच: पावसाळ्याआधी जवळच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन त्यांच्याकडे लबारियावरचं प्रतिविष आहे का, नसलं तर कुठे मिळेल, हे विचारून ठेवा. प्रतिविष घरी ठेवायची वस्तू नाही. ते शिरेतून द्यावं लागतं आणि त्याची जोरदार अॅलर्जी येऊ शकते. ती सावरायला डॉक्टर आणि औषधं हाताशी लागतात.

साप तिथे का आहे, हे समजलं की निम्मी भीती जाते. जॉर्जटाउन आणि गयानाचा किनारा भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. डचांनी बांध घालून, चर खणून ही जमीन समुद्राकडून मिळवली. पावसाचं पाणी चरांतून बांधापर्यंत येतं आणि ओहोटीला दरवाजे उघडून समुद्रात सोडलं जातं. या दरवाजांना तिथे कोकर म्हणतात. रायगडात किंवा रत्नागिरीत ज्यांनी खारभूमीच्या बांधावरची उघाडी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे शहरभर संथ, उथळ, शेवाळलेलं, माशांनी आणि बेडकांनी भरलेलं गोडं पाणी. हेलिकॉप्सला हवं असतं ते नेमकं हेच. वाहती मोठी नदी त्याला तितकीशी आवडत नाही. दलदल, डबकी, भाताची खाचरं, चर, ओढ्याचा शांत कोपरा, तेही पाणवनस्पती असलेला, ही त्याची ठिकाणं. मे ते ऑगस्टच्या मोठ्या पावसात आणि डिसेंबर-जानेवारीच्या छोट्या पावसात पाणी चढतं, चर एकमेकांना मिळतात, बेडूक ओरडू लागतात आणि सापही फिरू लागतात. तो आधीपासून तिथेच होता. पाणी चढल्यावर तुम्हाला दिसायला लागला.

मुलांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलतो. त्या चराची मला भीती वाटते, पण सापामुळे नाही. उभ्या काठाचा, शेवाळाने निसरडा झालेला चर लहान मुलासाठी बुडण्याचा धोका आहे. दुसरा धोका उंदराच्या मुताचा. जानेवारी 2005 मध्ये गयानाच्या किनाऱ्यावर मोठा पूर आला, घरांत कित्येक दिवस पाणी राहिलं आणि त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, माणसं गेली. त्याच वर्षी 26 जुलैच्या प्रलयानंतर मुंबईत काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तोच आजार. पाय कापलेला असताना अनवाणी त्या पाण्यात उतरणं हे सापापेक्षा कितीतरी धोक्याचं. कुंपण घाला, पाण्यात उतरायला बंदी करा, कचरा साठू देऊ नका म्हणजे उंदीर येणार नाहीत. उंदीर कमी झाले की खरा लबारिया येण्याचं एक कारणही कमी होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांच्या मनात एव्हाना दिवड आला असेल. विरोळा म्हणा, पाणदिवड म्हणा. तोही पाण्याकाठचा, तोही खडबडीत खवल्यांचा, मासे-बेडूक खाणारा, पटकन चावणारा आणि विषारी समजून मारला जाणारा. दोघं सख्खे भाऊ वाटावेत इतकं साम्य. पण नातं फार लांबचं आहे, आणि मला या सापाचा अभ्यास करताना सर्वात जास्त मोह पडला तो याच गोष्टीचा. दिवड ज्या गटात मोडतो त्या नॅट्रिसिनी गटाने आशिया, युरोप, आफ्रिका आणि उत्तर अमेरिका इथली पाणथळं व्यापली. युरोपातला गवत्या साप, अमेरिकेतले गार्टर साप, सगळे याच घरातले. उत्तर अमेरिकेतून खाली सरकत ते कोस्टा रिकापर्यंत पोचले आणि तिथे थांबले. दक्षिण अमेरिकेत हा गट नाही. तिथल्या पाण्यात मासे आणि बेडूक तर मुबलक होते. ती जागा डिप्सॅडिनी नावाच्या पूर्णपणे वेगळ्या अमेरिकी गटातल्या सापांनी घेतली. त्यांतल्या एका शाखेचे, हायड्रॉप्सिनीचे, तीन वंश आज आहेत: हेलिकॉप्स, हायड्रॉप्स आणि स्यूडोएरिक्स.

हायड्रॉप्स हे गुळगुळीत अंगाचे, तांबड्या-काळ्या कड्यांचे, वामीसारख्या दिसणाऱ्या दलदली माशांच्या मागे लागणारे. स्यूडोएरिक्सची मादी अंडी घालून त्यांच्याजवळ थांबते, सापांत हे फारसं दिसत नाही. आणि हेलिकॉप्स सर्वांत फोफावलेला वंश, सुमारे 20 जातींचा, पूर्वेच्या अटलांटिक किनाऱ्यापासून अँडीजच्या पायथ्यापर्यंत. अजून नव्या जाती सापडतायत. 2019 मध्ये ब्राझीलच्या पांतानाल दलदलीतून एक वर्णन झाली, तिला तिथल्या लोककथेतल्या अग्निसर्पाचं, बोइताताचं नाव दिलं. माणसांच्या इतक्या वावरातल्या पाण्यात एक अख्खी जात एवढा काळ नजरेआड राहिली होती.

तुमची जात मात्र या वंशातली सगळ्यांत आधी नोंदलेल्यांपैकी. प्राण्यांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने 1758 मध्येच तिला नाव दिलं होतं. कोलंबिया, व्हेनेझुएला, त्रिनिदाद, तिन्ही गयाना (गयाना, सुरीनाम आणि फ्रेंच गयाना), ब्राझील, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया असा तिचा पसारा. पूर्ण वाढलेली मादी पाऊण मीटरच्या आसपास जाते, नर लहान राहतात. तुम्ही पाहिलेला हातभर साप जवळजवळ वाढलेलाच म्हणायचा. मीटरभराहून मोठा, जाडजूड, ऑलिव्ह रंगावर गोल काळे ठिपके असलेला साप चरात दिसला तर तो पट्टेरी पाणसाप नाही, अॅनाकोंडाचं पिल्लू आहे. त्याला स्थानिक लोक कामूडी म्हणतात. विषारी तो नाही, पण त्याच्याशी खेळायचं नाही आणि कोंबड्या-मांजरं आत घ्यायची.

हेलिकॉप्स दिवसा पाणवनस्पतींच्या मुळांत किंवा काठच्या बिळात दडून असतो, अंधार पडला की बाहेर येतो. दिवडासारखा तो काठाने सळसळत पळत नाही. बहुतेक वेळ उथळ पाण्यात, शेपूट कशात तरी अडकवून, डोकं पृष्ठभागाला लावून थांबलेला असतो. मासा किंवा बेडूक टप्प्यात आला की आडवा फटका मारतो. बेडकांची शेपटीवाली पिल्लं, लहान मासे, वामीसारखे लांबट दलदली मासे, क्वचित काठावरचा सरडा, हा आहार. जमिनीवर आणलात तर त्याची चाल मंद आणि अवघडलेली दिसते. चिडचिड आणि चावाचावी तिथेच जास्त होते. पाण्यात निवांत असताना बॅटरी मारली तर बहुधा तो नुसता खाली बुडी घेतो.

यावरून पकडून दूर सोडण्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. तो दगावेल, आणि तुमचा चर रिकामाही राहणार नाही. सापाला त्याच्या पाण्याची ओळख असते: कुठे बेडूक जमतात, कुठलं बीळ पुरात बुडत नाही, बगळा कुठे उभा असतो. अनोळखी ठिकाणी सोडलेला साप भटकत राहतो, रस्त्यावर येतो, शिकाऱ्यांच्या तोंडी जातो. इकडे तुमच्या चरात खाणं आहे तोवर शेजारच्या चरातला दुसरा येणार, कारण चर एकमेकांना जोडलेले आहेत. आपल्याकडे सर्पमित्रांच्या हातून दिवडांचं हेच होताना मी बघितलं आहे: विहिरीतला दिवड डोंगरावर नेऊन सोडायचा, आणि पुण्य केल्याचं समाधान मानायचं. अंगणात किंवा घरात शिरलेला साप बादलीत घेऊन त्याच चरात सोडणं, एवढंच हलवणं योग्य. तेही लांब दांड्याच्या फावड्याने किंवा झाडूने बादलीत ढकलून, आणि ओळख पक्की असेल तरच.

मोठ्या मुलाने तो काचेच्या टाकीत पाळता येईल का असं विचारलंय. नाही. रानातून पकडलेले हेलिकॉप्स कोंडल्यावर बरेचदा खाणं सोडतात. माशांतून आणि बेडकांतून आलेले जंत त्यांच्या पोटात असतातच, ताणाखाली ते उचल खातात. टाकीचं पाणी थोडं बिघडलं तरी कातडीला फोड येतात. त्याला बघायचंच असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे. पाऊस थांबल्यावर, रात्री आठ-नऊच्या सुमारास, कुंपणाच्या आत उभं राहून बॅटरी काठाकाठाने हळू फिरवायची. पाण्याच्या पृष्ठभागावर दोन लहान डोळे आणि त्यांच्या पुढे नाकपुड्यांचे दोन ठिपके शोधायचे. पायात बूट, मोठं माणूस सोबत, हात खिशात. चिमुकले केमनही, म्हणजे तिथल्या मगरी, त्या चरांत असतात. त्यांचे डोळे बॅटरीत तांबडे चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत, म्हणजे फरक लगेच कळेल.

शेवटी एक विनंती, कारण तुमचा चर माझ्या उपयोगाचा आहे. या सापाची एक गोष्ट विलक्षण आहे. काही प्रदेशांत त्याची मादी अंडी घालते आणि काही प्रदेशांत थेट पिल्लांना जन्म देते. एकाच जातीत दोन्ही प्रकार आढळणं सरपटणाऱ्या प्राण्यांत फारच विरळा. युरोपातली एक पाल, ऑस्ट्रेलियातले एक-दोन सरडे, अशी बोटावर मोजण्याइतकी उदाहरणं आहेत. हेलिकॉप्स वंशातल्या इतर जातींपैकीही काही अंडी घालणाऱ्या आहेत, जशी हॅगमनी, आणि काही पिल्लं देणाऱ्या, जशी लेपर्डिनस. पाण्यात राहणाऱ्या सापाला पिल्लं पोटात वाढवण्याचा फायदा उघड आहे: काठ बुडाला तर अंडी कुजतात, आई मात्र पोहत राहते. पण मग काही ठिकाणी अंडी का टिकून राहिली? अंडी पोटात जास्त दिवस धरून ठेवायची आणि अगदी उशिरा घालायची, म्हणजे बाहेर फार थोडे दिवस काढावे लागतात, हा त्यातला मधला टप्पा असावा असं मला वाटतं. एकाच प्राण्यात हा बदल जवळून बघता येतो, म्हणून उत्क्रांतीचा अभ्यास करणाऱ्यांना तो इतका मोलाचा वाटतो.

म्हणून चराच्या काठी कुजलेल्या पाल्यात किंवा ओल्या लाकडाखाली पांढरी, मऊ सालीची अंडी दिसली, तर हात न लावता शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. लाकूड होतं तसं परत झाका. फुटलेली रिकामी टरफलं सापडली तर ती कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको, बुरशी येते. आणि पेन्सिलीएवढी पिल्लं पाण्यात दिसू लागली तर तो पहिला दिवस, त्या आठवड्यातला पाऊस आणि पाण्याची पातळी एवढं टिपून मला पाठवा. मुलाला वही द्या, हे काम त्याला चांगलं जमेल.